विसावा: शरीर मजबूत नेमकं कधी होतं?

वाचण्याआधी

पाठ सुरू करण्यापूर्वी या तीन प्रश्नांची उत्तरं मनातल्या मनात द्या. लिहायची गरज नाही. पाठ संपल्यावर आपण पुन्हा या प्रश्नांकडे येणार आहोत.

१. काल रात्री तुम्ही किती तास झोपलात?
२. 'आय ॲम टायर्ड' हे मराठीत तुम्ही किती वेगवेगळ्या प्रकारे सांगू शकता?
३. व्यायामाने ताकद वाढते हे सगळ्यांना माहीत आहे. पण ती व्यायाम करताना वाढते, की नंतर?

१. पळून आल्यावर ताकद कमी का होते?

समजा, आज शाळा सुटल्यावर तुम्ही टीमबरोबर पाच किलोमीटर पळलात. घरी आल्या आल्या कोणी तुमची ताकद मोजली, तर ती सकाळपेक्षा जास्त भरेल की कमी? कमी भरेल. पाय जड झालेले असतात, घसा कोरडा पडलेला असतो, जिना चढायचंही जिवावर येतं. मग रोज व्यायाम करणारा माणूस रोज थोडा थोडा कमजोर का होत नाही?

याचं उत्तर व्यायाम संपल्यानंतरच्या तासांत आहे. जोरात व्यायाम करताना स्नायूंच्या बारीक तंतूंना छोट्या छोट्या इजा होतात. स्नायूंमध्ये साठवलेली साखर, जिला ग्लायकोजेन म्हणतात, ती वापरली जाते. घामातून पाणी आणि मीठ बाहेर जातं. हा सगळा खर्च झाला. आता शरीर दुरुस्तीला लागतं. जेवणातून मिळालेली प्रथिनं वापरून ते स्नायू पुन्हा बांधतं. जड व्यायामानंतर हे बांधकाम एक-दोन दिवस चालू राहतं. रिकामं झालेलं ग्लायकोजेन पूर्ण भरायलाही साधारण एक दिवस लागतो, तोही नीट जेवलात तर.

आणि गंमत अशी की शरीर फक्त जुनं होतं तसं करून थांबत नाही. 'असं काम पुन्हा पडणार आहे' हे ओळखून ते थोडी जास्त तयारी करून ठेवतं. या जास्तीच्या तयारीलाच आपण ताकद वाढली असं म्हणतो.

म्हणजे व्यायामात आपण शरीराकडे ताकदीची मागणी करतो. शरीर ती मागणी पुरवतं विश्रांतीत. रोज नुसती मागणीच करत राहिलं आणि पुरवठ्याला वेळच दिला नाही, तर हिशोब तोट्यात जातो.

२. 'ताण' हा शब्द कुठून आला?

'ताणणे' हे क्रियापद तुम्हाला माहीत असेल. कपडे वाळत घालायची दोरी आपण ताणून बांधतो. सैल दोरीवर कपडे घातले तर ते जमिनीला टेकतात. फार ताणली तर दोरी तुटते. ताण म्हणजे ही ओढ. ती वाईटच असते असं नाही. शर्यत सुरू व्हायच्या आधी छातीत जी धडधड होते, तोही ताणच असतो आणि तो उपयोगी असतो.

वॉल्टर कॅनन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या धडधडीचा अभ्यास केला. संकट आलं की शरीर 'लढा किंवा पळा' या तयारीत येतं, असं त्याने मांडलं. ॲड्रेनॅलिन हे संप्रेरक रक्तात सोडलं जातं, हृदय जोरात चालतं, रक्त स्नायूंकडे धावतं आणि पचनाचं काम मागे पडतं. परीक्षेच्या दिवशी सकाळी नाश्ता घशाखाली का उतरत नाही, ते यावरून कळेल!

त्यानंतर १९३६ मध्ये हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाचा एक छोटासा लेख 'नेचर' या नियतकालिकात छापून आला. सेल्येचा जन्म व्हिएन्नाचा, पण तो कॅनडात मॉन्ट्रियलला काम करत होता. त्याने उंदरांना वेगवेगळे त्रास दिले. काहींना थंडीत ठेवलं, काहींना खूप पळवलं, काहींना इजा केली, काहींना औषधं टोचली. आज असे प्रयोग वाचून आपल्याला वाईट वाटतं. पण त्याला जे दिसलं ते महत्त्वाचं होतं: त्रास वेगवेगळे होते, तरी उंदरांच्या शरीरात होणारे बदल बरेचसे सारखेच होते. सुरुवातीला शरीर दचकतं. मग ते जुळवून घेतं, तग धरतं. आणि त्रास थांबलाच नाही, तर शेवटी ते थकून हरतं.

३. सगळा खर्च एकाच खात्यातून

सेल्येच्या त्या उंदरांवरून आपल्याला काय कळतं? शरीराला तुमच्या आयुष्याचे वेगवेगळे विषय वेगवेगळ्या वह्यांत लिहायची सवय नाही. गणिताची परीक्षा, पोहण्याची स्पर्धा, मैत्रिणीशी झालेलं भांडण, अपुरी झोप, भारतातून सोळा तासांचा विमानप्रवास हे सगळं बँकेतल्या एकाच खात्यातून वजा होतं. डोक्याला ताण आला तरी नाडी वाढते, कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक वाढतं, झोप उडते. मग त्याच आठवड्यात कोच म्हणाले की 'रोज एक किलोमीटर जास्त पळा', तर ते पैसे कुठून येणार?

मी संगणकाच्या क्षेत्रात काम करतो. रात्री सिस्टिम बंद पडली तर ती सुरू करायची पाळी आम्ही आळीपाळीने घेतो. ज्याची रात्र जागून जाते, त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी कोणी कामाला लावत नाही. त्याला कोणी आळशीही म्हणत नाही. जागलेल्या माणसाच्या हातून चुका होतात, आणि त्या निस्तरायला जास्त वेळ लागतो, हे सगळ्यांना माहीत असतं. मग हाच नियम आपण आपल्या पायांना, गुडघ्यांना आणि डोक्याला का लावू नये?

झोपेचंच बघा. १३ ते १८ वर्षांच्या मुलामुलींनी रोज ८ ते १० तास झोपावं, असं अमेरिकेतल्या झोपेच्या तज्ज्ञ डॉक्टरांची संस्था सांगते. शरीर वाढवणारं आणि दुरुस्त करणारं संप्रेरक गाढ झोपेत सगळ्यात जास्त सोडलं जातं. त्यात या वयात शरीराचं घड्याळ थोडं पुढे सरकतं, म्हणून रात्री लवकर झोप येत नाही. हा तुमचा दोष नाही. पण सकाळी शाळेची बस काही थांबत नाही! म्हणून झोपायच्या आधीचा फोन बंद करणं तुमच्या हातात आहे, तेवढं तरी करा.

४. स्कॉटलंडच्या डोंगरावर

आता एक खरी गोष्ट. १९५४ पर्यंत एक मैल अंतर चार मिनिटांच्या आत कोणीही पळालेलं नव्हतं. रॉजर बॅनिस्टर हा लंडनमध्ये डॉक्टरकी शिकणारा विद्यार्थी त्यासाठी सराव करत होता. तो आणि त्याचे मित्र पाव मैल, म्हणजे सुमारे ४०० मीटर, जोरात पळायचे, मग थोडं थांबायचे, मग पुन्हा पळायचे. असं दहा वेळा. प्रत्येक पाव मैल साठ सेकंदांच्या आत व्हायला हवा होता. पण त्या वसंतात त्यांची वेळ ६१ सेकंदांवर येऊन अडली. कितीही जोर लावला तरी ती खाली येईना.

अशा वेळी तुम्ही काय केलं असतं? बहुतेकांनी सराव वाढवला असता. बॅनिस्टरने सराव सोडला. ख्रिस ब्रॅशर या मित्राबरोबर तो स्कॉटलंडला गेला आणि काही दिवस दोघं डोंगर चढत राहिले. पळण्याचं नाव नाही. परत आल्यावर त्यांनी तोच सराव केला, आणि पाव मैलाची वेळ ५९ सेकंद भरली.

६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डच्या मैदानावर बॅनिस्टरने एक मैल ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत पूर्ण केला. त्या शर्यतीच्या आधीही त्याने काही दिवस विश्रांती घेतली होती.

याचा अर्थ सुट्टी घेतली की विक्रम होतो, असा नाही. त्याच्यामागे कित्येक महिन्यांची मेहनत होती. पण ती मेहनत थकव्याखाली झाकली गेली होती. थकवा उतरला, तशी ती दिसायला लागली.

५. वारीचं वेळापत्रक

हेच शहाणपण आपल्याकडे फार जुनं आहे. दर वर्षी आषाढी एकादशीसाठी संत ज्ञानेश्वरांची पालखी आळंदीहून पंढरपूरला जाते. अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. चालणाऱ्या वारकऱ्यांमध्ये साठी-सत्तरी ओलांडलेले आजोबा-आजीही असतात. कोणाचा कोच नसतो, मनगटावर घड्याळ नसतं. तरी ही माणसं पंढरपूरला पोचतात. कशी?

हिशोब करून बघू. वाटेत अठरा-वीस दिवस लागतात. अडीचशेला वीसने भागलं, तर दिवसाला साडेबारा किलोमीटर. पण रोज सारखं चालायचं नसतं. पालखी आळंदीहून पुण्याला येते आणि तिथे दोन रात्री मुक्काम करते. मग येतो पुणे ते सासवडचा टप्पा, सुमारे तीस किलोमीटरचा, वाटेत दिवे घाटाची चढण. हा वारीतला सगळ्यात दमवणारा दिवस. आणि त्याच्यानंतर? सासवडला पुन्हा दोन रात्रींचा मुक्काम. म्हणजे मोठ्या दिवसाच्या आधी विश्रांती, आणि नंतरही विश्रांती.

एका दिवसातही हीच पद्धत असते. सकाळी लवकर निघायचं, दुपारी जेवणासाठी थांबायचं, वाटेत 'विसावा' घ्यायचा आणि संध्याकाळी मुक्कामाला पोचायचं. विसाव्याच्या जागाही ठरलेल्या असतात. कोणी दमलं म्हणून पालखी थांबत नाही. दमायच्या आधीच थांबते. मुक्कामावर कित्येक जण वारकऱ्यांच्या पायांना तेल लावून ते चोळून देतात, आणि ती मोठी सेवा मानली जाते.

वारीमध्ये विसावा हा चालण्याचाच भाग आहे. तो चुकवून पुढे पळालात म्हणून पंढरपूर काही लवकर येत नाही.

६. थकवा एकच नसतो

आता सुरुवातीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. इंग्रजीत आपण सगळ्याला एकच शब्द वापरून मोकळे होतो. मराठीत मात्र शरीर कुठे आणि कसं थकलंय ते सांगणारे शब्द आहेत. ते शिकणं फक्त भाषेसाठी नाही. थकवा ओळखला, की कोणता विसावा हवा ते कळतं.

दम लागणे: जिना धावत चढलात, श्वास जोरात चालू झाला. दोन-चार मिनिटं थांबलं की जातो.

पाय भरून येणे: खूप चालून किंवा उभं राहून पाय जड होणे. पाय उशीवर उंच ठेवून पडा, हलक्या हाताने चोळा.

अंग आंबणे: नवीन किंवा जास्त व्यायामानंतर स्नायू दुखणे. हे दुखणं लगेच येत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं. 'आंबणे' म्हणजे आंबट होणे, म्हणून तुम्हाला वाटेल की स्नायूत साठलेल्या ॲसिडमुळे ते होतं. तसं अनेक लोक सांगतातही. पण व्यायामात तयार झालेलं ते लॅक्टिक ॲसिड तास-दोन तासांत निघून जातं. दुसऱ्या दिवशीचं दुखणं बारीक इजांचं आणि दुरुस्तीचं असतं. अशा वेळी नुसतं पडून राहण्यापेक्षा थोडं चालणं, हळू सायकल चालवणं बरं वाटतं.

डोकं जड होणे, डोळे चुरचुरणे: अभ्यास किंवा स्क्रीन फार झाली. गंमत म्हणजे इथे विसावा म्हणजे हालचाल! बाहेर जाऊन वीस मिनिटं चाला.

शीण येणे: 'प्रवासाचा शीण' हा शब्द आजीकडून ऐकला असेल. भारतातून परत आल्यावर तीन-चार दिवस हाच असतो. सकाळच्या उन्हात फिरा, रात्र झाल्यावरच झोपा, आणि पहिल्याच दिवशी जोरदार व्यायाम करू नका.

अंग कसकसणे: ताप यायच्या आधी सगळं अंग दुखणे. व्यायाम बंद. 'घाम आला की बरं वाटेल' असं म्हणू नका.

मरगळ येणे: झोपून उठलं तरी उत्साह नाही, आवडता खेळही नकोसा वाटतो. एक दिवस असेल तर ठीक. दोन आठवडे राहिली, तर आईबाबांना सांगा आणि डॉक्टरांकडे जा. हे लपवण्यासारखं काही नाही.

कंटाळा येणे: हा थकवा नाही! शरीर ताजं आहे, मनाला बदल हवा आहे. रस्ता बदला, खेळ बदला, कोणाला तरी बरोबर घ्या.

७. मग हा आळस तर नाही ना?

आपल्या अनेक घरांमध्ये रिकामं बसलेलं मूल दिसलं की 'आळशीपणा करू नकोस' हे वाक्य येतंच. आईबाबांनी परदेशात येऊन खूप कष्ट केलेले असतात, म्हणून त्यांना तसं वाटतं. पण आळस आणि विश्रांती यांत फरक आहे, आणि तो तुम्ही स्वतः तपासू शकता.

दहा मिनिटांची परीक्षा करा. बूट घाला आणि दहा मिनिटं अगदी हळू पळा. शरीर मोकळं झालं, बरं वाटायला लागलं, तर तो आळस होता. पुढे जा! पण दहा मिनिटांनी पाय आणखी जड झाले, तर तो थकवा आहे. घरी या. त्या दिवशी घरी येण्यात काहीच कमीपणा नाही. ताप असेल किंवा कुठे दुखत असेल, तर मात्र ही परीक्षाही नको.

रोज सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी आणखी तीन गोष्टी बघा.

नाडी: मनगटावर दोन बोटं ठेवून ३० सेकंद ठोके मोजा, दुप्पट करा. आठवडाभर मोजलं की तुमचा नेहमीचा आकडा कळेल. सलग दोन-तीन दिवस तो ८-१० ने जास्त आला, तर शरीर काहीतरी सांगतंय.
झोप: किती तास झाली? मध्ये जाग आली का?
मन: आज खेळायला जावंसं वाटतंय का?

तिन्ही ठीक असतील तर हिरवा दिवा: ठरलेला सराव करा. एक बिघडलं असेल तर पिवळा दिवा: अंतर निम्मं करा, बोलत बोलत पळता येईल इतक्याच वेगाने पळा. दोन किंवा तीन बिघडली असतील तर लाल दिवा: विसावा घ्या. आणि नडगी, घोटा, गुडघा अशा एकाच जागी टोचल्यासारखं दुखत असेल, सूज असेल, लंगडावं लागत असेल, तर बाकी काहीही असो, दिवा लालच. कोचना त्याच दिवशी सांगा. 'मॅच झाल्यावर सांगेन' असं म्हणून हाडाची छोटी चीर मोठी करून घेऊ नका.

८. एक छोटा प्रयोग

आता पुस्तक बाजूला ठेवा. मनगटावर बोटं ठेवून नाडी शोधा. हळूहळू श्वास आत घ्या, मग त्याहून हळू बाहेर सोडा. असं पाच-सहा वेळा करा. श्वास घेताना ठोके किंचित भरभर आणि सोडताना किंचित सावकाश पडतात, हे बोटांना कळेल. श्वास सोडताना शरीराची शांत करणारी यंत्रणा जोर धरते. म्हणून घाबरलेल्या माणसाला आपण 'एक मोठा श्वास घे आणि सोड' असं सांगतो. परीक्षेच्या वर्गात बसल्या बसल्या हे करता येतं, आणि शेजारच्याला कळतही नाही.

९. संवाद: आजीचा फोन

आजी: काय रे, आवाज असा का येतोय? बरं नाही का?
नातू: बरं आहे गं आजी. दमलोय फक्त.
आजी: दमलास म्हणजे? खेळून, की जागून?
नातू: दोन्ही. परवा शर्यत झाली, पोटऱ्या अजून आंबल्यात. आणि उद्या गणिताची परीक्षा आहे, म्हणून काल एक वाजेपर्यंत जागा होतो.
आजी: आणि आज परत पळायला जाणार?
नातू: जायला हवं. नाही गेलो तर बाबा म्हणतील आळस करतोय.
आजी: आळशी मुलगा एक वाजेपर्यंत अभ्यास करतो होय रे? गरम वरणभात खा, वर तूप घे, आणि दहाला दिवा बंद कर. परीक्षा झाली की मग पळ हवं तेवढा.
नातू: पण बाबांना काय सांगू?
आजी: तू काही सांगू नकोस. फोन दे त्याच्याकडे.

शब्दार्थ

तंतू: धाग्यासारखा बारीक भाग
संप्रेरक: शरीरातल्या ग्रंथी रक्तात सोडतात ते रसायन
तग धरणे: त्रास सहन करून टिकून राहणे
निस्तरणे: झालेला घोळ नीट करणे
मुक्काम: प्रवासात रात्री राहणे किंवा राहण्याची जागा
विसावा: वाटेत थोडा वेळ थांबून घेतलेली विश्रांती
नडगी: गुडघ्याखाली पायाच्या पुढच्या बाजूचं हाड
पोटरी: गुडघ्याखाली पायाच्या मागचा मांसल भाग
जिवावर येणे: एखादं काम नकोसं, अवघड वाटणे

एक शब्द, चार अर्थ: दम

दम लागणे: श्वास जोरात चालणे. "डोंगर चढताना मला दम लागला."
दम खाणे: थोडं थांबणे. "अरे, जरा दम खा, मग पुढे जाऊ."
दम धरणे: धीर ठेवणे. "दम धर, निकाल उद्या लागेल."
दम देणे: धमकावणे. "सरांनी मुलांना चांगलाच दम दिला."

स्वाध्याय

अ. एका-दोन वाक्यांत उत्तरं लिहा.
१. जड व्यायामानंतर स्नायूंचं बांधकाम किती दिवस चालू राहतं?
२. सेल्येला उंदरांमध्ये कोणती महत्त्वाची गोष्ट दिसली?
३. बॅनिस्टरची वेळ अडली तेव्हा त्याने काय केलं?
४. पुणे ते सासवड या टप्प्याच्या आधी आणि नंतर पालखी काय करते? का?

आ. योग्य शब्द निवडून वाक्य पूर्ण करा. (शीण, कसकसतंय, आंबले, कंटाळा, भरून)
१. काल पहिल्यांदाच वजनं उचलली, आज खांदे ______ आहेत.
२. मुंबईहून आल्यापासून प्रवासाचा ______ अजून गेला नाही.
३. दिवसभर संग्रहालयात फिरून पाय ______ आले.
४. अंग ______, ताप येणार बहुतेक.
५. रोज त्याच रस्त्यावर पळून मला ______ आला.

इ. 'दम' चे चारही प्रकार वापरून तुमच्या घरातल्या प्रसंगांवर चार वाक्यं लिहा.

ई. आजीने फोनवर बाबांना काय सांगितलं असेल? आजी आणि बाबांचा संवाद आठ ओळींत लिहा. लक्षात ठेवा, इथे बाबा आजीचा मुलगा आहे, म्हणून आजी त्याला 'अरे' म्हणेल आणि तो तिला 'अगं आई' म्हणेल.

उ. घरी विचारा. पोळ्याच्या आदल्या दिवशी शेतकरी बैलांची 'खांदेमळणी' करतात. वर्षभर जू वाहणाऱ्या बैलाच्या खांद्याला हळद-तूप लावून तो चोळतात, आणि पोळ्याच्या दिवशी बैलाला कामाला जुंपत नाहीत. तुमच्या घरातल्या मोठ्यांपैकी कोणी हे पाहिलं आहे का? त्यांच्याशी बोलून पाच वाक्यं लिहून आणा.

ऊ. सात दिवसांची नोंद. वहीत चार रकाने आखा: नाडी, झोप, मन, दिवा. रोज सकाळी भरा. त्या दिवशी थकवा वाटला तर खाली त्याचा नेमका मराठी शब्द लिहा. नुसतं 'दमलो' किंवा 'दमले' चालणार नाही! पुढच्या रविवारी वर्गात वही घेऊन या. ज्यांच्या वहीत लाल दिवा असेल आणि त्या दिवशी ज्यांनी खरोखर विसावा घेतला असेल, त्यांनी घरी कोणाला काय सांगितलं ते आपण त्यांच्याकडून मराठीत ऐकू.